थोरल्या सुनेचा मान

अलकावहिनी कधी बोट दाखवत नसत. कोणती वस्तू हवी, कोण आलंय, कुणाविषयी बोलणं चाललंय, सगळं त्या ओठांनी दाखवत. ओठ जरासे पुढे काढायचे, हनुवटी त्या दिशेला उडवायची, झालं. आमच्या जालन्यात, मस्तगडच्या बाजारात भाजीवाल्यापुढे उभं राहून त्यांनी पहिल्यांदा असे ओठ काढले तेव्हा तो बिचारा लाजून दुसरीकडे बघायला लागला होता. पुढे त्याला सवय झाली. वहिनींचे ओठ डावीकडे वळले की तो मुकाट्याने कच्च्या केळ्यांची फणी तराजूत टाकायचा.

मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या देशात समदे असंच करतेत भाऊजी. हात कामात राह्यतेत. तोंड रिकामं राह्यतं."

त्यांचं मराठी असं होतं. त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. माझ्या आजारी आईच्या खाटेशेजारी बसून, धुणंभांडी करणाऱ्या बाईशी आणि गल्लीतल्या पोरांशी बोलून शिकल्या. त्यामुळे मी, शाळेत शिकवणारा माणूस, घरातही प्रमाण भाषेत बोलायचो आणि समुद्रापलीकडून आलेल्या वहिनी अस्सल जालन्याचं बोलायच्या. "चहा करून राह्यले, घेता का घोटभर?" असं स्वयंपाकघरातून ऐकू आलं की नवा माणूस बिनघोर हो म्हणायचा, आणि कप घेऊन वहिनी बाहेर आल्या की त्याला कप हातात घ्यायचं सुचायचं नाही.

त्यांचं खरं नाव आल्तागरासिया. त्यांच्याकडच्या देवीचं नाव आहे. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, अमेरिकेतून फोनवर ते आईला पुन्हापुन्हा म्हणून दाखवलं. आई म्हणाली, "आल्ता कळलं. फुडचं राहू दे." आमच्यात लग्नानंतर नवरीचं नाव बदलायची पद्धत होतीच. आल्ताचं अलका झालं.

त्या मूळच्या डोमिनिकन रिपब्लिकच्या. मी भूगोल शिकवतो. कॅरिबियन समुद्रातली बेटं मी फळ्यावर न बघता काढतो. ऊस, तंबाखू, कॉफी, एवढं सांगून पुढच्या धड्याकडे वळतो. त्या बेटांवर माणसं कशी दिसत असतील, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. वहिनी लहानपणीच आईबरोबर न्यूयॉर्कला गेल्या आणि मोठेपणी म्हाताऱ्या, आजारी माणसांना सांभाळायचं काम करू लागल्या. दादा ज्या घरात भाड्याने राहायचा, त्या घराच्या थकलेल्या मालकिणीकडे त्या येत. तिथे ओळख झाली.

आईने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की अमेरिकेची सून येणार. अमेरिकेची म्हणजे कशी, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक असल्यासारखंच होतं. विमानतळावरून गाडी आली तेव्हा गल्लीतले सगळे ओट्यावर उभे होते. दादा उतरला, मग वहिनी उतरल्या. उंच, भरल्या अंगाच्या, कानांत बांगड्यांएवढ्या रिंगा, आणि रंगाने आमच्या गल्लीतल्या कुणाहीपेक्षा काळ्या. समोरच्या काकू त्यांना ओलांडून पुढे गेल्या, गाडीत वाकून पाहिलं आणि दादाला म्हणाल्या, "मेम कुठंय रे? मागल्या गाडीत हाय का?"

वहिनींनी दादाला विचारलं, या काय म्हणतात. दादाने सांगितलं, तुझं स्वागत करतायत. वहिनींनी त्या काकूंना वाकून नमस्कार केला.

पुढे मराठी आल्यावर त्यांना तो प्रश्न कळला. मग त्या स्वतःच त्याची नक्कल करून दाखवायच्या. पदर खोचायचा, गाडीत वाकल्यासारखं वाकायचं आणि विचारायचं, "मेम कुठंय रे?" आम्ही सगळे हसायचो. समोरच्या काकूही हसायच्या. नक्कल इतकी हुबेहूब होती की तिच्यामागे कुणाला काही लागलं असेल, असं मला वाटलंच नाही. आता वाटतं.

त्यांच्या माहेरी मात्र या लग्नाचा आनंद झाला होता. दादा सावळा, पण वहिनींपेक्षा उजळ, आणि केस सरळ. वहिनींची आई म्हणाली होती, बरं झालं, आता घराचा रंग सुधारेल. इकडे आमची आई सुनेचा रंग पाहून आठवडाभर जेवली नव्हती. वहिनी म्हणायच्या, "दोघींची गाठ घालून द्यायला पायजे होती. एकीचा नफा, दुसरीचा घाटा. हिशेब बराबर."

त्यांना मूल झालं नाही. त्यामुळे तो हिशेब तिथेच थांबला.

दादा त्यांना तिकडच्या मराठी लोकांच्या गणपतीला एकदाच घेऊन गेला होता. ही गोष्ट वहिनींनीच मला सांगितली, आईचे पाय चोळता चोळता. त्या साडी नेसून गेल्या होत्या. दादा गाडी लावायला थांबला आणि त्या एकट्याच आत गेल्या. दारात एका बाईने त्यांच्या कडेवर आपलं मूल दिलं आणि विचारलं, तू कुणाच्या घरी कामाला आहेस. वहिनींनी मूल घेतलं. आरती संपेपर्यंत सांभाळलं. दादा आला, त्याने पाहिलं, आणि तोही तिथे काही बोलला नाही. पुढच्या वर्षी तो म्हणाला, जाऊ दे, तिकडे फार गर्दी असते.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"लेकरू चांगलं होतं," वहिनी म्हणाल्या. "झोपून गेल्तं खांद्यावर."

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा दोघे धावत आले. उजवा हात गेला, जीभ जड झाली. दादाला काही महिन्यांनी नोकरीसाठी परत जावं लागलं. वहिनी म्हणाल्या, आईला चालती करते आणि येते. त्या राहिल्या, आणि वर्षं गेली. माझी बायको संगीता कष्टाळू आहे, पण आईला उचलणं, कूस बदलणं, न लाजवता आंघोळ घालणं हे तिला जमत नव्हतं. वहिनींनी ते सहज हातात घेतलं. रोज सकाळी उठल्यावर त्या आईसमोर वाकून आशीर्वाद मागायच्या. त्यांच्याकडेही म्हणे पोरं घराबाहेर पडण्याआधी मोठ्यांचा आशीर्वाद मागतात. आई सुरुवातीला तोंड फिरवायची. मग डावा हात वर करू लागली.

आणि एक दिवस आईने ओठ पुढे काढले. बोलता येत नव्हतं, उजवा हात उचलत नव्हता, डाव्याने नीट दाखवता येत नव्हतं. तिने ओठ खिडकीकडे काढले आणि वहिनींनी उठून खिडकी उघडली. त्या दिवसापासून आमच्या घरात ही भाषा चालू झाली. पाणी, पांघरूण, पंखा. दोघींचं तासन्‌तास असं चालायचं. मी दारात उभा राहून बघायचो. माझी स्वतःची आई काय म्हणतेय ते मला वहिनींना विचारावं लागे.

माझी मुलगी प्राची वहिनींना मोठी माय म्हणायची. आमच्याकडे थोरल्या चुलतीला तसंच म्हणतात. आमच्या घराची आणखी एक रीत आहे. मुलगी बघायला पाहुणे आले की तिला आतल्या खोलीतून हाताला धरून बैठकीत आणायचं आणि पाहुण्यांसमोर बसवायचं, हा मान थोरल्या सुनेचा. आईने तिच्या काळी घरातल्या सगळ्या मुलींना असं आणलं होतं. वहिनींना हे कुठून तरी कळलं, आणि तेव्हापासून त्यांनी ते धरूनच ठेवलं. प्राची कॉलेजात होती तेव्हापासून त्या तिला घेऊन ओसरीतून बैठकीपर्यंत चालण्याची तालीम करायच्या. "सावकाश चाल. पाव्हणे काय पळून जाऊन राह्यलेत का?" प्राची मुद्दाम अडखळायची. मग दोघी हसत आईच्या खाटेवर येऊन पडायच्या. लेकीला जन्म संगीताने दिला होता, पण तिला जगापुढे आणायचं काम आपलं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांनी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

आमच्या शेजारी निर्मलाताई राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. बौद्ध आहेत. भिंतीला भिंत लागून आहे, कधी भांडण नाही. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून खिरीचं पातेलं येतं. संगीता ते हसून घेते, दुसऱ्या दिवशी पातेलं घासून, रिकामं द्यायचं नाही म्हणून त्यात साखर घालून परत करते. खीर गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या गाईला जाते. माझ्या आईच्या वेळेपासून असंच चालत आलेलं आहे. मी वर्गात समतेवर बोलतो आणि ती गाय मला रोज शाळेत जाताना दिसते.

वहिनींना हे माहीत नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांनी वाटी भरून घेतली, आईला भरवली, स्वतः खाल्ली, प्राचीला दिली. आईनेही खाल्ली, हे मी पाहिलं. संगीता आली तेव्हा पातेलं तळाला गेलं होतं. तिचा चेहरा बघून वहिनींनी विचारलं, काय झालं. संगीता काही बोलेना. मी पण बोललो नाही. प्राचीने सांगितलं. साधं, सरळ सांगितलं, की आपण यांच्याकडचं खात नाही.

वहिनींनी कच्ची केळी तळली, चेपून पुन्हा तळली, ते पातेलं काठोकाठ भरलं आणि स्वतः निर्मलाताईंच्या दारात नेऊन दिलं. संध्याकाळ झाली तरी आल्या नाहीत म्हणून मी बोलवायला गेलो, तर दोघी ओट्यावर बसल्या होत्या. मलाही बसवून घेतलं. वहिनी त्यांच्या लहानपणाची गोष्ट सांगत होत्या.

न्यूयॉर्कला त्या राहायच्या त्या इमारतीत खालच्या मजल्यावर हैतीहून आलेलं एक कुटुंब होतं. एकच बेट, अर्धं यांचं, अर्धं त्यांचं. त्या घरात रोझ नावाची मुलगी होती. दोघी एकाच शाळेत जायच्या. रस्त्याने हातात हात. पण इमारतीच्या दाराशी आल्या की वहिनी हात सोडायच्या, कारण वर त्यांची आई खिडकीत उभी असायची. आईचं म्हणणं, आपण स्पॅनिश, ते काळे.

"आरशात बघायचो तर दोघी सारख्याच," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर जास्त भ्याव. कुणी मला तिची बहीण समजलं तर. एक दिवस जिन्यात आमचे लोक उभे होते. रोझनं मला हाक मारली. मी म्हणाले, मी हिला वळखत न्हाई."

निर्मलाताईंनी विचारलं, "मग ती काय म्हणाली?"

"काही न्हाई. तिनं पण मान हलवली, की बराबर हाय, वळखत न्हाई. मला वाचवलं तिनं." मग म्हणाल्या, "निर्मलाताई, तुमची खीर लई चांगली होती."

निर्मलाताई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जास्त करीन."

मी तिथे बसलो होतो. केळी खात होतो.

प्राचीच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा मी तिचा बायोडाटा तयार केला. वहिनींना देवनागरी भरभर वाचता येत नसे, म्हणून प्राचीने वाचून दाखवला. वर्ण, गव्हाळ. वहिनींनी गव्हाळचा अर्थ विचारला आणि कळल्यावर इतक्या हसल्या की खाली बसल्या. त्यांच्या भाषेतही काळ्या पोरीला गव्हाच्या रंगाचीच म्हणतात.

"काळी कुणीच न्हाई राह्यत आमच्यात. दालचिनी राह्यती, गव्हाची राह्यती. काळे ते शेजारचे."

संगीताने पोरीसाठी गोरं करणारं कसलंसं मलम मागवलं होतं. वहिनींनी ते पाहिलं, मानेवरचे केस वर धरले आणि प्राचीला कानामागचा डाग दाखवला. तिथली कातडी पांढुरकी, सुरकुतलेली होती. त्यांच्या आईने त्या लहान असताना लावलेल्या मलमाचा डाग. नवं मलम मग कचऱ्यात गेलं. संगीता दोन दिवस वहिनींशी बोलली नाही.

स्थळ जाफराबादकडचं आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरी शेती आणि खताचं दुकान. मुलगा आणि प्राची आधी फोनवर बोलले होते आणि मुलीला तो आवडला होता. तिने तसं कुणाला सांगितलं नाही, पण वहिनींना सांगितलं. माझे मामा मध्यस्थ होते. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ते मला घेऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले.

"थोरलीला उद्या कुठं तरी धाड," मामा म्हणाले.

मी कारण विचारलं. कारण मला माहीत होतं, तरी विचारलं.

"पोरगी आधीच सावळी. बाजूला ती उभी राह्यली तर पाव्हणे म्हणतील, घराण्यातच रंग हाय."

मी म्हणालो, मामा, वहिनी बाहेरून आलेल्या. त्यांचा रंग प्राचीत कसा येईल?

"ते तुला कळतं, मास्तर हायेस. डोळ्याला काय कळतं? आणि कोणत्या लोकांतली म्हणून विचारलं, मंग काय सांगशील? नकाशा दाखवशील का?"

चहाचे पैसे मामांनी दिले. घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावलं होतं की एका दुपारचा तर प्रश्न आहे, लग्न ठरलं की सगळं नीट सांगता येईल.

वहिनी आईचे केस विंचरत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, उद्या दुपारी जरा निर्मलाताईंकडे बसाल का?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की त्यांना पुढे काही सांगायची गरज नाही. ही वाट त्यांच्या पायाखालची होती. त्यांनी वाद घातला असता, रडल्या असत्या, दादाला फोन लावला असता तर मी कदाचित बदललो असतो. असं मी स्वतःला सांगतो.

त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता वापस येऊ?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. प्राचीला सांगितलं होतं की मोठी मायचं डोकं दुखतंय. तिला संगीताने बाहेर आणलं. आईलाही खुर्चीत बसवून बैठकीत ठेवलं होतं, घरातलं मोठं माणूस म्हणून. पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाची आई बोलकी होती, मोकळी होती. तिने संगीताला हौसेने विचारलं, "तुमच्या थोरल्या जाऊबाई अमेरिकेच्या हायेत म्हणं. दिसल्या न्हाईत?"

मी म्हणालो, "त्या तिकडेच असतात. अमेरिकेत."

मामांनी मान डोलावली. संगीता ट्रे उचलायला वाकली. आणि खुर्चीत बसलेल्या माझ्या आईने ओठ पुढे काढले. हनुवटी उडवली. निर्मलाताईंच्या भिंतीकडे. मी बोलत राहिलो, पावसाचं, कापसाचं. आईने पुन्हा ओठ काढले, पुन्हा भिंतीकडे, घशातून आवाज काढत. मुलाच्या आईला वाईट वाटलं. ती म्हणाली, "आजींना त्रास होऊन राह्यला का? आत नेता का?"

मी आईला आत नेलं. खुर्ची सरकवताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

पाहुण्यांनी जाता जाता पसंती सांगितली. मी निर्मलाताईंकडे वहिनींना आणायला गेलो. भिंत पातळ आहे. आमच्या बैठकीतलं तिकडे सगळं ऐकू येतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर आठवलं. वहिनी पडवीत शेंगा सोलत बसल्या होत्या. निर्मलाताई दारातच म्हणाल्या, "सर, त्यांना माझ्याकडे पाठवलं ते बरं केलं. दुसरीकडे कुठं पाठवणार होता?" आवाजात राग नव्हता. त्या मला अजूनही सर म्हणतात.

प्राचीला संध्याकाळी कळलं. लग्नच करायचं नाही म्हणाली. माझ्याशी बोलणं टाकलं. तिला वहिनींनीच समजावलं, पोराचा यात काय दोष म्हणून. मग त्या माझ्याकडे आल्या. मी शाळेच्या वह्या तपासतोय असं दाखवत होतो.

"भाऊजी, तुम्ही तर सांगून बसले की मी अमेरिकेत हाय."

मी म्हणालो, वहिनी, मी लग्नाआधी त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगतो. खरंच सांगतो.

"न्हाई सांगणार तुम्ही," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. बाजारात केळी पिकलेली आहेत की कच्ची, हे त्या जशा सांगायच्या, तसं सांगितलं. "आणि सांगितलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल, की तुझ्या बापानं आम्हाला फसवलं. तुमचं खोटं आता पोरीच्या अंगावर हाय. मंग मी जाते. मी गेले की ते खरं होऊन जातं."

मी त्यांना थांबवलं नाही. थांबा म्हणालो, पण माणूस थांबावं असं वाटल्यावर जसं म्हणतो तसं नाही. दादाने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तिकीट काढतो. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "मी तुला काय बोलू?" मला त्या गणपतीतलं मूल आठवलं. आम्ही दोघे भाऊ त्या दिवशी फोनच्या दोन टोकांना नुसते श्वास ऐकत होतो.

निघायच्या दिवशी वहिनींनी आईला आंघोळ घातली, आशीर्वाद मागितला. आईने डाव्या हाताने त्यांची रिंग धरून ठेवली होती. ती सोडवायला वेळ लागला. गल्लीतल्या बायकांना त्या हसत हसत भेटल्या, समोरच्या काकूंसमोर गाडीत वाकून ती नक्कलही करून दाखवली. काकू या वेळी रडल्या.

लग्नाला दादा एकटाच आला. हळदीला आमच्याकडे नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद त्यांच्याकडच्या बायका घेऊन येतात आणि मग ती नवरीला लावतात. मांडवात गलका होता. मुलाची आई वाटी घेऊन पुढे होती. प्राची पाटावर बसली आणि म्हणाली, मोठी मायला फोन लावा, तोवर मी लावून घेणार नाही. तिने हे माझ्याकडे बघून म्हटलं. फोन माझ्याच हातात होता.

मी व्हिडिओ लावला. समोर वहिनी दिसल्या. तिकडे त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. आमच्या बायका हळदीत एकमेकींना माखतात, तशी त्यांनी एकटीनेच स्वतःला हळद माखली होती. गाल, कपाळ, गळा, दोन्ही हात. त्या काळ्या चेहऱ्यावर ती पिवळी हळद झळकत होती. त्या हसत होत्या. प्राचीला बघायला पुढे वाकल्या.

तेवढ्यात मुलाची आई माझ्या खांद्याशी आली. "बघू द्या की तुमच्या वहिनी."

वहिनींनी तो आवाज ऐकला. त्यांचा हात वर आला. फोनच्या पडद्यावर त्यांचा तळहात पसरला. नुसता पिवळा तळहात, त्याच्या रेषांसकट.

"नेटवर्क न्हाई हो ताई," आतून आवाज आला. "दिसून न्हाई राह्यलं काही."

"किती गोड बोलतात," मुलाची आई म्हणाली. "अगदी आपल्या इकडच्यासारखं."

मी सांगायला तोंड उघडलं. मांडवात सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. प्राचीही बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की वहिनी, हात काढा.

"भाऊजी," पडद्याआडून वहिनींनी विचारलं, "पोरीला लावली का हळद?"

"लावतायत," मी म्हणालो.